‘स्टार्ट’ कुठे, ‘बिगिन’ कुठे: नागपुरात इंग्रजीतून काम करायला लागलेल्यांसाठी

भंडारा, गोंदिया, काटोल, उमरेड, हिंगणघाट इकडून दरवर्षी कितीतरी मुलंमुली नोकरीसाठी नागपुरात येतात. कोणी मिहानमधल्या कंपनीत लागतं, कोणी बँकेत, कोणी धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात. मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येतं, ऐकलेलं समजतंही. गाडी अडते ती बोलताना, आणि फार अवघड शब्दांवर नाही, तर ‘स्टार्ट’सारख्या पहिलीपासून माहीत असलेल्या शब्दांवर.

मी मराठी माध्यमातली आहे आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात विम्याच्या डेस्कवर बसते. विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थांना टीपीए म्हणतात. त्यांच्याशी दिवसभर फोन आणि मेल, सगळं इंग्रजीत. काही केव्हा सुरू झालं, सुरू आहे का, केव्हा सुरू होणार, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यामुळे या एका शब्दाच्या खाचाखोचा कामातच शिकायला मिळाल्या. आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी हेच समजावून सांगते. ज्यांना तसं सांगणारं कोणी शेजारी बसलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

काय काय लागेल

1) शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांपैकी कोणताही चालेल. तिन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. छापील प्रत हवी असेल तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे विचारून पाहा.
2) एक साधी वही.
3) फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा ॲप.
4) तुमच्या स्वतःच्या कामातली दहा मराठी वाक्यं, ज्यांत ‘सुरू’, ‘चालू’ किंवा ‘लागला’ आहे. ही आजच लिहून काढा. पुढे प्रत्येक पायरीवर ती लागतील.

खिशातला इंग्रजी-मराठी शब्दकोश बाजूला ठेवा. त्यात ‘स्टार्ट’पुढे ‘सुरू करणे, आरंभ करणे’ एवढंच लिहिलेलं असतं. शब्दाच्या पुढेमागे काय यायला हवं, हे त्यात नसतं आणि आपली चूक नेमकी तिथेच होते.

1. आधी मराठी वाक्य तपासा: ‘लागला’ आहे, ‘राहिला’ आहे, की ‘सुरू आहे’?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्या वाचल्या नाहीत तरी चालेल, ही सोडू नका.

आपण मराठीत ‘सुरू’ या एका शब्दाकडून खूप कामं करून घेतो. पाऊस सुरू झाला. पाऊस सुरू आहे. पंखा सुरू कर. दुकान सुरू आहे. इंग्रजीत या चारांपैकी ‘स्टार्ट’ फक्त पहिल्याला लागतो. एखादी गोष्ट नव्हती आणि आता होऊ लागली, त्या बदलाच्या क्षणासाठी ‘स्टार्ट’ आहे. त्यानंतर ती गोष्ट चालत असते, त्या अवस्थेशी ‘स्टार्ट’चा संबंध नाही.

इथे नागपूरकडच्या बोलीचा मोठा फायदा होतो. आपण म्हणतो, ‘पाऊस येऊन राहिला’. हा ‘राहिला’ म्हणजे सरळ इंग्रजीतलं चालू काळाचं रूप: ‘इट इज रेनिंग’. आणि ‘पाऊस यायला लागला’ म्हटलं की त्यातला ‘लागला’ म्हणजे ‘स्टार्टेड’: ‘इट हॅज स्टार्टेड रेनिंग’. पुण्या-मुंबईकडचे लोक या ‘राहिला’ला हसतात म्हणून काहीजण नोकरीला लागल्यावर तो टाकून देतात. टाकू नका. निदान मनातल्या मनात वाक्य आपल्या बोलीत म्हणून पाहा. ‘लागला’ आला तर ‘स्टार्ट’ घ्या. ‘राहिला’ आला तर ‘स्टार्ट’ला हात लावू नका.

मग ‘सुरू आहे’चं काय करायचं? प्रत्येक गोष्टीसाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, आणि ते पाठ करण्यावाचून इलाज नाही. रोज लागणारे हे:

ओपीडी सुरू आहे, दुकान सुरू आहे: ‘द ओपीडी इज ओपन’, ‘द शॉप इज ओपन’.
पंखा, एसी, लाइट सुरू आहे: ‘द फॅन इज ऑन’. सुरू कर म्हणायचं असेल तर ‘स्विच ऑन द फॅन’. ‘स्टार्ट द फॅन’ आणि ‘ओपन द फॅन’ दोन्ही टाळा.
नळ सुरू आहे: ‘द टॅप इज रनिंग’. गाडीचं इंजिन सुरू आहे: ‘द इंजिन इज रनिंग’.
मीटिंग सुरू आहे: ‘द मीटिंग इज ऑन’. साहेब मीटिंगमध्ये आहेत हे सांगायचं असेल तर ‘ही इज इन अ मीटिंग’.
ॲडमिशन सुरू आहेत: ‘ॲडमिशन्स आर ओपन’.
रस्त्याचं काम सुरू आहे: ‘रोड वर्क इज गोइंग ऑन’. पाटीवर लिहितात ‘वर्क इन प्रोग्रेस’.
पेशंटवर उपचार सुरू आहेत: ‘द पेशंट इज अंडर ट्रीटमेंट’.

तुमच्या वहीतली दहा वाक्यं काढा आणि प्रत्येकापुढे ‘लागला’, ‘राहिला’ किंवा ‘आहे’ अशी खूण करा. बहुतेकांच्या बाबतीत ‘आहे’वालीच जास्त निघतात, म्हणजे त्या वाक्यांत ‘स्टार्ट’ची गरजच नसते.

2. झालं की केलं?

‘सिनेमा सुरू झाला’ यातल्या ‘झाला’चं भाषांतर करायच्या नादात तोंडून निघतं, ‘द मूव्ही इज स्टार्टेड’. ‘क्लास इज स्टार्टेड’, ‘मीटिंग वॉज स्टार्टेड ॲट टेन’ हेही तसंच. इंग्रजीत ‘स्टार्ट’ आपोआप होणाऱ्या गोष्टीसाठी आणि कोणीतरी करण्यासाठी, दोन्हीकडे तसाच चालतो. ‘झाला’साठी वेगळं काही जोडावं लागत नाही.

‘द मूव्ही हॅज स्टार्टेड’: आत्ताच सुरू झाला आहे.
‘द मूव्ही स्टार्टेड ॲट सिक्स’: सहाला सुरू झाला.
‘शी स्टार्टेड अ टिफिन सर्व्हिस’: तिने डब्याचा व्यवसाय सुरू केला.

‘इज’ किंवा ‘वॉज’ लावायचा तो कोणीतरी ते मुद्दाम सुरू केलं आणि तेच सांगायचं आहे तेव्हा. ‘द स्कीम वॉज स्टार्टेड बाय द कॉर्पोरेशन’ हे बरोबर आहे, कारण पुढे करणारा आहे.

हाच सापळा ‘ओरिजिनेट’ या शब्दाजवळही आहे. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, हे सांगताना ‘इज ओरिजिनेटेड फ्रॉम’ असं लिहिलेलं बऱ्याच प्रोजेक्ट वह्यांत दिसतं. ‘द नाग रिव्हर ओरिजिनेट्स इन द लावा हिल्स’ एवढं पुरे. नदीसाठी त्याहून सोपा शब्द आहे, ‘राइझेस’.

‘सुरू झालं’ म्हणजे लोकांसाठी खुलं झालं असा अर्थ असेल, तर ‘ओपन्ड’ घ्या. समृद्धी महामार्गाचं काम ‘स्टार्टेड’, पण नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी ‘ओपन्ड’. काम आणि रस्ता, दोन्हीला ‘स्टार्टेड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला तारीख कशाची ते कळत नाही. संस्था असेल तर ‘फाउंडेड’ किंवा ‘एस्टॅब्लिश्ड’: नागपूर विद्यापीठ ‘वॉज एस्टॅब्लिश्ड इन 1923’.

3. रूपं आणि उच्चार

‘स्टार्ट’ सरळ आहे: स्टार्ट, स्टार्टेड, स्टार्टेड. ‘बिगिन’ तसा नाही: बिगिन, बिगॅन, बिगन. भूतकाळात एकटा असेल तर बिगॅन, आणि ‘हॅज’, ‘हॅव’ किंवा ‘हॅड’च्या पुढे असेल तर बिगन. ‘द क्लास बिगॅन ॲट नाइन’, ‘द क्लास हॅज बिगन’. ‘बिगिनिंग’च्या स्पेलिंगमध्ये मधला एन दोनदा येतो.

‘डिड’ आला की पुढे मूळ रूप. ‘व्हेन डिड इट स्टार्ट?’ हे बरोबर. ‘व्हेन डिड इट स्टार्टेड?’ हे चूक, आणि घाईत फार जणांच्या तोंडून निघतं.

आपल्याकडे हिंदीच्या सवयीने ‘इस्टार्ट’, ‘इस्कूल’, ‘इस्टाफ’ असा पुढे ‘इ’ लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. ‘बस स्टार्ट’ हे दोन शब्द एका दमात भरभर म्हणा. मग ‘ब’ मनात म्हणा आणि बाकीचं मोठ्याने. रेकॉर्ड करून ऐका. थोड्या सरावाने तो ‘इ’ गळून पडतो.

4. केव्हापासून: ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’, आणि ‘सिन्स’चा घोळ

घड्याळातल्या वेळेसाठी ‘ॲट’, वार आणि तारखेसाठी ‘ऑन’, महिना आणि वर्षासाठी ‘इन’.

‘द शिफ्ट स्टार्ट्स ॲट एट.’
‘द एक्झाम स्टार्ट्स ऑन फिफ्थ मार्च.’
‘नागपूर मेट्रो स्टार्टेड इन मार्च 2019.’

मराठीत आपण ‘पाच मार्चपासून परीक्षा सुरू’ म्हणतो, त्यामुळे ‘स्टार्ट्स फ्रॉम फिफ्थ मार्च’ असं होतं. भारतात सगळीकडे हे बोललं जातं, कोणी अडवणार नाही. लेखी कामात मात्र ‘ऑन’ लिहा. ‘फ्रॉम’ शोभतो तो दोन टोकं असतील तेव्हा, ‘फ्रॉम मंडे टू फ्रायडे’, किंवा जागा आणि किंमत सांगताना. ‘द बस स्टार्ट्स फ्रॉम गणेशपेठ’, ‘रूम्स स्टार्ट फ्रॉम 800 रुपीज’.

‘सिन्स’ आणि ‘स्टार्टेड’ मात्र एका वाक्यात आणू नका. ‘आय स्टार्टेड वर्किंग हिअर सिन्स 2022’ हे वाक्य दर दुसऱ्या मुलाखतीत ऐकू येतं. ‘स्टार्टेड’ एका क्षणावर बोट ठेवतो, ‘सिन्स’ त्या क्षणापासून आजपर्यंतचा सगळा काळ धरतो. दोनपैकी एक निवडा: ‘आय स्टार्टेड वर्किंग हिअर इन 2022’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2022’.

हे किती महत्त्वाचं ठरू शकतं ते माझ्या कामातल्या एका प्रसंगावरून सांगते. पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी पेशंट भरती होतो. मी नातेवाइकाला विचारते, त्रास केव्हापासून? तो म्हणतो, ‘पोट तर सहा महिन्यापासून दुखून राहिलं, पण काल रात्री एकदम जोरात दुखायला लागलं.’ या एका वाक्यात ‘राहिलं’ही आहे आणि ‘लागलं’ही. इंग्रजीत ते असं व्हायला हवं: ‘ही हॅज हॅड ऑन-अँड-ऑफ पेन फॉर सिक्स मंथ्स. द सिव्हिअर पेन स्टार्टेड लास्ट नाइट.’ अर्थात नातेवाईक ‘अधूनमधून’ म्हणाला की सारखं, हे आधी विचारून घ्यायचं, आपल्या मनाने घालायचं नाही. आता हेच कोणी ‘पेन इज स्टार्टेड सिन्स सिक्स मंथ्स अँड यस्टरडे’ असं लिहिलं, की पलीकडे बसलेल्या माणसाला कळत नाही आजार सहा महिन्यांचा की कालचा. तो प्रश्न पाठवतो, आपण उत्तर पाठवतो, आणि तोवर पेशंटचा भाऊ बिलिंगच्या खिडकीसमोर उभा असतो.

कारण विम्यात सुरुवातीच्या तीन तारखा वेगवेगळ्या असतात आणि तिन्हींना वेगळे शब्द आहेत. लक्षण पहिल्यांदा दिसलं ती ‘डेट ऑफ ऑनसेट’. पॉलिसी पहिल्यांदा लागू झाली ती ‘इन्सेप्शन डेट’. आणि उपचार सुरू झाले त्यासाठी साधं ‘ट्रीटमेंट स्टार्टेड ऑन’. आधीपासूनच्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही आणि जो सध्याच्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो, पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजला जातो. म्हणून ऑनसेट आणि इन्सेप्शन या दोन तारखांची अदलाबदल झाली तर क्लेम अडकू शकतो. तुम्ही दवाखान्यात काम करत नसाल, तरी घरातल्या कोणाचा फॉर्म भरताना हे तीन शब्द आठवा.

‘ऑनसेट’ आजारासाठी जसा येतो तसा मान्सूनसाठीही. हवामान खातं केरळात मान्सून पोहोचला की ‘ऑनसेट’ म्हणतं, आणि त्याची सर्वसाधारण तारीख 1 जून धरली जाते. विदर्भात तो त्यानंतर, जूनच्या मध्यावर येतो.

5. पुढे क्रियापद आलं तर

‘स्टार्ट’च्या पुढे दोन रूपं चालतात: ‘स्टार्टेड वर्किंग’ आणि ‘स्टार्टेड टू वर्क’. अर्थात फरक जवळजवळ नाही. दोघांची खिचडी मात्र नको. ‘स्टार्टेड टू वर्किंग’ नाही, ‘स्टार्टेड वर्क करायला’ या धर्तीवर ‘स्टार्टेड डू’ही नाही.

दोन ठिकाणी निवड ठरलेली आहे. ‘स्टार्टिंग’ असं रूप आधीच आलं असेल तर पुढे ‘टू’ घ्या, ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’, म्हणजे दोन ‘इंग’ एकमेकांना खेटत नाहीत. आणि समजणं, जाणवणं, कळणं अशा मनातल्या क्रियांसाठीही ‘टू’ बरा: ‘आय स्टार्टेड टू अंडरस्टँड द सिस्टिम’.

‘बाय’ आणि ‘विथ’ही शिकून ठेवा. सादरीकरण करताना पहिलं वाक्य हमखास हेच असतं: ‘आय विल स्टार्ट विथ द फिगर्स’ किंवा ‘लेट मी स्टार्ट बाय थँकिंग एव्हरीवन’. ‘विथ’पुढे वस्तू किंवा मुद्दा, ‘बाय’पुढे क्रिया.

6. ‘स्टार्ट’, ‘बिगिन’ की ‘कमेन्स’?

बोलताना शंका आली तर ‘स्टार्ट’ घ्या, क्वचितच चुकेल. काही ठिकाणी तर तोच लागतो, ‘बिगिन’ चालत नाही: गाडी किंवा यंत्र चालू होणं (‘माय बाइक वोन्ट स्टार्ट’), धंदा काढणं (‘स्टार्ट अ बिझनेस’), आग लागणं (‘द फायर स्टार्टेड इन द किचन’), आणि प्रवासाला निघणं (‘लेट अस स्टार्ट अर्ली’). शेतातल्या मोटरचा स्टार्टर, ट्यूबलाइटचा स्टार्टर आणि हॉटेलच्या मेनूतले स्टार्टर हे शब्द याच घरचे आहेत आणि गावाकडेही सगळ्यांना माहीत आहेत.

‘बिगिन’ थोडा शांत, थोडा लेखी. भाषणात, गोष्टीत, बातमीत बसतो. ‘द विंटर सेशन बिगिन्स इन डिसेंबर’ असं वर्तमानपत्र लिहील. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, आणि त्या दिवसांत इंग्रजी पेपरात हा शब्द रोज भेटतो. सरावासाठी तेच मथळे कापून वहीत चिकटवा.

‘कमेन्स’ हा कागदोपत्री शब्द. बोलताना वापरलात तर कृत्रिम वाटेल, पण वाचता यायलाच हवा, कारण तो सगळ्या महत्त्वाच्या कागदांवर असतो. नेमणूक पत्रात ‘डेट ऑफ कमेन्समेंट’ म्हणजे नोकरी लागू होण्याची तारीख. फ्लॅट घेताना बिल्डर ‘सीसी आली आहे’ म्हणतो, ती कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. राहायला जायची परवानगी वेगळी, ती ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड इकडे घर पाहत असाल तर या दोन कागदांत गल्लत होऊ देऊ नका. ‘सीसी आहे’ याचा अर्थ घर राहायला तयार आहे असा होत नाही.

आपल्या राज्यघटनेतही हा शब्द आहे. 26 नोव्हेंबर 1949 ला घटना स्वीकारली गेली आणि नागरिकत्व, निवडणुका अशी काही कलमं त्याच दिवशी लागू झाली. बाकीची 26 जानेवारी 1950 ला. कलम 394 म्हणतं की घटनेत जिथे ‘कमेन्समेंट’ म्हटलंय तिथे ही 26 जानेवारीची तारीख समजायची. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी ‘ॲडॉप्टेड’ आणि ‘कमेन्समेंट’ या दोन शब्दांतला फरक याच उदाहरणावर पक्का करावा. अमेरिकेत मात्र ‘कमेन्समेंट’ म्हणजे कॉलेजचा पदवीदान समारंभ, तेव्हा तिकडचं काही वाचताना गोंधळू नका.

‘इनिशियल’ फॉर्मवर दोन अर्थांनी येतो. ‘इनिशियल पेमेंट’ म्हणजे सुरुवातीची रक्कम. ‘पुट युवर इनिशियल्स’ म्हणजे खाडाखोडीपाशी किंवा पानाच्या तळाशी लघुस्वाक्षरी करा. पूर्ण सही नको, आद्याक्षरं पुरतात.

7. आणखी काही सापळे

‘सुरुवातीपासूनच’ याचं ‘फ्रॉम बिगिनिंग ओन्ली’ करू नका. ‘राइट फ्रॉम द स्टार्ट’ म्हणा.

‘सुरुवातीला’ दोन प्रकारचं असतं. महिन्याच्या सुरुवातीला, पुस्तकाच्या सुरुवातीला, असं कशाच्या तरी सुरुवातीला असेल तर ‘ॲट द बिगिनिंग ऑफ द मंथ’. सुरुवातीला अवघड गेलं, मग जमलं, असं असेल तर ‘ॲट फर्स्ट’ किंवा ‘इन द बिगिनिंग’. ‘फर्स्टली’ हा त्यांचा पर्याय नाही. तो मुद्दे मांडताना, पहिला मुद्दा म्हणून येतो.

‘पहिल्यापासून पुन्हा करा’ याला ‘स्टार्ट ओव्हर’. शून्यातून उभं करणं म्हणजे ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’. मीटिंगला सगळे जमले की ‘लेट अस गेट स्टार्टेड’. इथे ‘गेट’नंतर ‘स्टार्टेड’च येतो, त्याला चूक समजू नका.

जुन्या गोष्टी आणि उतारे वाचताना कधीकधी ‘ही स्टार्टेड ॲट द नॉइज’ असं वाक्य लागतं. तिथे काहीही सुरू झालेलं नसतं. आवाजाने तो दचकला, असा अर्थ. ‘स्टार्ट’चा हाच जुना अर्थ आहे, एकदम उसळणं, आणि ‘स्टार्टल’ हा शब्द त्याचाच नातलग. परीक्षेत उताऱ्यावरच्या प्रश्नात हे हमखास फसवतं.

8. ‘व्हेन कॅन यू स्टार्ट?’

मुलाखतीच्या शेवटी हा प्रश्न आला तर खूश व्हा, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. ‘तुम्ही कामावर केव्हा येऊ शकता’ एवढंच ते विचारताहेत. बोलायला सुरुवात करा, असं कोणी सांगत नाही. ‘स्टार्ट’ला इथे आपल्याकडे ‘जॉइन’ म्हणतात.

उत्तर छोटं आणि तारखेसह द्या.

आत्ता नोकरी नसेल तर: ‘आय कॅन स्टार्ट इमिजिएटली.’
तारीख ठरली असेल तर: ‘आय कॅन स्टार्ट ऑन द फर्स्ट ऑफ जुलै.’
सध्या नोकरी असेल तर: ‘आय हॅव अ थर्टी-डे नोटिस पीरियड. आय कॅन स्टार्ट आफ्टर दॅट.’

नोटिस किती दिवसांची आहे हे स्वतःच्या नेमणूक पत्रात आधी बघून जा. तिथे उगाच ‘इमिजिएटली’ म्हणून बसलात आणि जुनी कंपनी सोडेना, तर नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी शब्द मोडल्यासारखं होतं.

9. सराव कसा करायचा

शब्दकोश उघडून ‘स्टार्ट’ पाहा. पण अर्थ वाचत बसू नका, खाली दिलेली उदाहरणं वाचा. बाजूला ‘ट्रान्झिटिव्ह’ लिहिलं असेल तर ‘सुरू करणे’, ‘इन्ट्रान्झिटिव्ह’ असेल तर ‘सुरू होणे’. ‘फॉर्मल’ लिहिलं असेल तर तो शब्द मेलमध्ये चालेल, कॅन्टीनमध्ये नाही. नंतर असंच ‘बिगिन’, मग ‘कमेन्स’.

रोज झोपण्यापूर्वी दिवसभरातली तीन वाक्यं लिहा: एक ‘लागला’चं, एक ‘राहिला’चं, एक ‘सुरू आहे’चं. आधी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत. मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा. ऑफिसमधल्या ज्या माणसाचं इंग्रजी चांगलं आहे त्याच्या मेलमधली सुरुवातीची वाक्यं वहीत उतरवा. पुस्तकी नमुन्यांपेक्षा ती जास्त उपयोगी पडतात, कारण ती तुमच्याच कामाची असतात.

अडलं तर पूर्ण वाक्य अवतरणचिन्हात घालून शोधू नका, फक्त ‘स्टार्ट’ आणि त्याच्या पुढचा शब्द, एवढंच शब्दकोशाच्या संकेतस्थळावर टाका. ‘स्टार्ट ऑन’, ‘स्टार्ट विथ’, ‘स्टार्ट ऑफ’ अशा जोड्या वेगळ्या नोंदी म्हणून मिळतात. ज्या जोडीचं एकही उदाहरण तिथे सापडत नाही, ती मेलमध्ये टाकायच्या आधी एकदा कोणाला तरी दाखवा.